बोलण्याआधीचे बोलणे

मुलाने पहिला शब्द कोणता उच्चारला, हे आईला जन्मभर आठवते. तो ‘आई’ होता, ‘बाबा’ होता, की नुसताच ‘काऊ’ होता, यावरून घरात लटकी भांडणेही होतात. पहिला दात, पहिले पाऊल, जावळ, उष्टावण, साऱ्यांच्या तारखा आपल्या घरांत पाठ असतात. परंतु बाळाने पहिल्यांदा बोट कधी दाखवले, असे कुणाला विचारून पाहा. शंभरांत एखादीलाही ते सांगता येणार नाही.

आणि तरी तो क्षण फार मोलाचा असतो. कडेवरचे मूल गॅलरीतून समोरच्या तारेवरचा कावळा पाहते, इवलेसे बोट पुढे करते, वळून आपल्या तोंडाकडे पाहते आणि पुन्हा कावळ्याकडे पाहते. त्याला तो कावळा नको असतो. मला जे दिसले ते तुलाही दिसू दे, एवढेच त्याला हवे असते. तोंडातून एकही शब्द न काढता ते आपल्याशी बोललेले असते.

साधारणपणे वर्षाच्या सुमारास मुले बोट दाखवू लागतात. आधी हवी ती वस्तू मागण्यासाठी, आणि मग लवकरच, नुसते ‘बघ ना!’ म्हणून. पहिले मागणे झाले, दुसरे वाटून घेणे. ह्या दुसऱ्या बोटाकडे आपण जितके लक्ष द्यावे तितके देत नाही, आणि शब्दांची मात्र वाट पाहत बसतो.

काही मुले असे बोट दाखवीत नाहीत. ती अंगाने धडधाकट असतात, वेळेवर बसतात, वेळेवर चालतात. पाणी हवे असले तर आईचे मनगट धरून तिला फ्रिजपाशी नेतात, तिचा हात उचलून दाराच्या मुठीवर ठेवतात. पण तिच्या तोंडाकडे पाहत नाहीत. जणू काम हाताशी आहे, हाताच्या मालकिणीशी नाही. हाक मारली तर वळून बघत नाहीत, पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फुटला की धावत येतात. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘मोठा लबाड आहे!’

ह्या वागण्याच्या मुळाशी असू शकणाऱ्या एका अवस्थेला वैद्यकात ऑटिझम म्हणतात. मराठीत तिला ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवाही आहे; तो ऐकून डोळ्यांपुढे चिंतनात गढलेला एखादा साधक उभा राहतो. हे मूल काही मुद्दाम स्वतःत बुडून राहिलेले नसते. माणसांचे चेहरे, आवाज, खुणा यांचा अर्थ लावण्याची जी वाट इतर मुलांना आपोआप सापडते, ती त्याच्या मेंदूला तशी सापडत नाही, इतकेच. जगभरच्या पाहण्यांवरून शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असे असते, असा अंदाज आहे. म्हणजे हे दूरदेशीचे दुर्मीळ प्रकरण नव्हे. आपल्या शहरांतल्या प्रत्येक मोठ्या शाळेत अशी काही मुले असणारच.

एका बापाचे पत्र

ह्या अवस्थेची ओळख जगाला कशी झाली, ती हकिकत आईबापांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट हा मुलगा जन्मला. वडील वकील, घर सुखवस्तू. वर्षाचा होतो न होतो तोच तो ऐकलेली गाणी सुरात, बिनचूक गुणगुणू लागला. दोन वर्षांचा होईतो धर्मशिक्षणातली पंचवीस प्रश्नोत्तरे त्याला पाठ झाली. केवढे कौतुक झाले असेल! पण वडील घरी आले काय आणि न आले काय, त्याला त्याचे काहीच नसे. पाहुणेमंडळींकडे तो ढुंकून पाहत नसे. तव्या-ताटल्या आणि ठोकळे गरगर फिरवीत तासन् तास बसे, आणि कुणी त्यात खंड पाडला की आकांत करी. स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘तू’ म्हणे, कारण लोक त्याला ‘तू’ म्हणत, आणि तो ऐकलेले तसेच्या तसे परत करी.

डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईबापांनी त्याला परत आणले आणि १९३८ साली बाल्टिमोरला डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे नेले. जाण्यापूर्वी वडिलांनी डॉक्टरांना एक पत्र पाठवले होते. ते तेहतीस पानांचे होते! मुलगा काय खातो, कशाला भितो, काय बोलतो, काय बोलत नाही, सारे त्यात टिपलेले होते. पुढच्या काही वर्षांत कॅनर यांना अशीच आणखी दहा मुले भेटली. १९४३ साली त्यांनी ह्या अकरा मुलांचे, म्हणजे आठ मुलगे आणि तीन मुलींचे, वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतल्या काहींना आधी लोकांनी बहिरे ठरवून टाकले होते.

वैद्यकशास्त्रातला हा गाजलेला निबंध मोठ्या अंशी एका बापाच्या निरीक्षणावर उभा आहे, हे ध्यानात घ्या. आजही ह्या अवस्थेचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने होत नाही. ते होते मुलाला पाहून आणि त्याला रोज पाहणाऱ्या माणसांना विचारून. तेव्हा ‘आम्हाला काय कळते त्यातले?’ असे आईबापांनी म्हणण्याचे कारण नाही.

डोनाल्ड पुढे गावच्या शाळेत गेला, १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला आणि एकट्याने देशोदेशी हिंडला. जून २०२३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. सगळ्याच मुलांची वाट अशी जाते असे नाही. काहींना जन्मभर दुसऱ्याच्या आधाराची गरज लागते, काहींना शब्द कधीच सापडत नाहीत. पण पाचव्या वर्षीच्या मुलाकडे पाहून त्याचा साठाव्या वर्षीचा जमाखर्च कुणी मांडू नये, एवढे ह्या एका आयुष्याने दाखवून दिले.

पहिल्या वाढदिवसाचे चित्रण

पूर्वी मूल तीन-चार वर्षांचे होऊन बोलेनासे दिसले, की मगच शंका येई. खुणा त्याआधीच दिसतात का? १९९४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन संशोधक बाईंनी एक साधी युक्ती केली. पुढे ज्यांना ऑटिझम असल्याचे ठरले अशा अकरा मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती त्यांनी मिळवल्या, आणि इतर अकरा मुलांच्या चित्रफितींशी त्या ताडून पाहिल्या. केक तोच, मेणबत्ती तीच, टाळ्या वाजवणारे आजी-आजोबा तेच. पण मुले निराळी. चार गोष्टींत फरक दिसला. मूल माणसांच्या चेहऱ्याकडे किती पाहते, वस्तू उचलून दुसऱ्याला दाखवते का, बोट दाखवते का, आणि नावाने हाक मारली की वळते का.

ह्या चारांत ‘शब्द’ कुठेच नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. वर्षाच्या मुलाकडून शब्दांची फारशी अपेक्षा नसतेच. बोलण्याआधीचे जे बोलणे असते, त्यातच पहिली खूण सापडते.

काय पाहावे?

दोन-तीन महिन्यांचे बाळ आपल्या हसण्याला हसून उत्तर देऊ लागते. नऊ महिन्यांच्या आसपास ते आपल्या नावाला ओ देते, म्हणजे वळून पाहते. वर्षाचे झाले की टाटा करते, टाळ्या वाजवते, ‘बा-बा, दा-दा’ असे बडबडते, पदराआडून कूक केले की खिदळते आणि पुन्हा कर म्हणून वाट पाहते. सव्वा वर्षाच्या आतबाहेर ते बोटाने दाखवते, हातातले खेळणे आणून आपल्यापुढे धरते. दीड वर्षाचे मूल खोटेखोटे खेळू लागते. रिकाम्या कपातला चहा पिते, बाहुलीला भरवते, चप्पल कानाला लावून ‘हॅलो’ म्हणते. भातुकलीचे बीज ते हेच. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ‘आई ये’, ‘दूदू दे’ अशी दोन शब्दांची जोडणी स्वतःची स्वतः करते.

यांतले बरेचसे घडत नसेल तर लक्ष द्यायला हवे. त्याबरोबर दुसऱ्याही काही गोष्टी पाहाव्या. गाडी चालवण्याऐवजी ती उलटी धरून नुसते चाक फिरवीत बसणे. खेळणी, डबे, चपला ओळीने मांडणे आणि ओळ मोडली की कळवळून रडणे. आनंद झाला की हात पंखांसारखे फडफडवणे, चवड्यांवर चालणे. कुकरच्या शिट्टीला किंवा मिक्सरच्या आवाजाला कानांवर हात ठेवणे. एकाच रंगाचे, एकाच पोताचे अन्न खाणे. रोजचा रस्ता बदलला की आकांत मांडणे. विचारलेला प्रश्नच उत्तर म्हणून परत म्हणणे. ‘तुला पाणी हवंय?’ ह्याला ‘तुला पाणी हवंय’ हेच उत्तर.

आणि एक खूण अशी, की ती दिसल्यास एक दिवसही थांबू नये. आलेले शब्द, टाटा करणे, हसून पाहणे हे सारे हळूहळू नाहीसे होणे. काही मुलांत दीड-दोन वर्षांच्या सुमारास असे घडते.

परंतु हेही तितक्याच जोराने सांगायला हवे, की एखाद-दुसऱ्या खुणेवरून कुणीही आपल्या किंवा शेजारणीच्या मुलाला शिक्का मारू नये. फटाक्यांना घाबरणारी मुले पुष्कळ असतात. चवड्यांवर तर बरीच मुले काही दिवस चालतात. लाजरे मूल पाहुण्यांपुढे तोंड लपवते. पण आईच्या खांद्याआडून चोरून बघते आणि पाहुणे गेले की त्यांची नक्कलही करते. नुसते उशिरा बोलणारे मूल शब्द नसले तरी हातवारे, नजर आणि बोट यांनी सारे घर नाचवते. खुणा अनेक असाव्यात, त्या घरीदारी सगळीकडे दिसाव्यात आणि टिकून राहाव्यात, तेव्हा शंका घ्यावी. शंका म्हणजे निदान नव्हे. निदान हे तज्ज्ञांचे काम.

मुलींच्या बाबतीत अधिक जपून पाहावे. निदान झालेल्यांत मुलग्यांची संख्या मुलींच्या तिप्पट-चौपट असते; पण पुष्कळ मुली इतरांचे पाहून वागण्याचे अनुकरण करतात, आणि ‘शांत आहे हो, गुणी आहे’ ह्या कौतुकाआड त्यांची अडचण वर्षानुवर्षे झाकली जाते.

‘ह्याचा बापही उशिराच बोलला!’

दिवाळीला गोतावळा जमला, की एकाच वयाची दोन-तीन मुले एका सतरंजीवर येतात आणि आईच्या मनात कितीतरी दिवस घोळत असलेली शंका डोके वर काढते. ती चाचरत बोलून दाखवते, आणि चहूबाजूंनी उत्तरे येतात. ‘ह्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता बघ, बोलणे थांबत नाही!’ ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘घरात मराठी, बाईशी हिंदी, नर्सरीत इंग्रजी, मूल गोंधळणारच.’ ‘एकुलता एक आहे, शाळेत गेला की बोलेल.’ ‘मोबाईल काढून घे, सगळे ठीक होईल.’

ही माणसे वाईट नसतात. त्यांना धीर द्यायचा असतो. पण प्रत्येक उत्तरामागे मुलाचे सहा महिने जातात. तीन भाषांच्या घरातले मूल आपले शब्द तीन ठिकाणी वाटत असेल, पण बोटाला मराठी-इंग्रजी नसते. ते कोणत्याही घरात वर्ष-सव्वा वर्षाला उठायलाच हवे. मोबाईलमुळे ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही. लहान मुलापासून तो दूर ठेवावा हे खरेच, कारण माणसांशी बोलण्याखेळण्याचा वेळ तो खातो. पण मोबाईल बंद करणे आणि तपासणीला नेणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करता येतात. लहान वयात मेंदू शिकायला सर्वांत लवचीक असतो. तपासणीअंती काही निघाले नाही, तर गेला तो एक दिवस. आणि निघाले, तर वाचले ते एक-दोन वर्षे.

दोष कुणाचा?

कुणाचाही नाही. हे स्पष्ट सांगावे लागते, कारण ह्या अवस्थेच्या इतिहासात आयांचा फार छळ झाला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्वानांनी असे प्रतिपादन केले, की आईच्या थंड, माया नसलेल्या वागण्याने मूल असे होते. हजारो मातांनी हा डाग उरात बाळगला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून हा समज खोडून काढायला घेतला. आणि १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला. आज हे सर्वमान्य आहे, की ही जडणघडण मुलाच्या मेंदूची आहे, संगोपनाची नव्हे. ज्यांच्या थोरल्या मुलाला ऑटिझम आहे अशा घरांत धाकट्या पाचांपैकी सुमारे एकाला तो असू शकतो. तेव्हा तिथे धाकट्याकडे पहिल्या वर्षापासूनच लक्ष ठेवावे.

नोकरी करणाऱ्या आईने मुलाला पाळणाघरात ठेवले म्हणून हे होत नाही. ग्रहणात कापले-चिरले म्हणून होत नाही. लस टोचल्यानेही होत नाही. १९९८ साली इंग्लंडमध्ये बारा मुलांवरच्या एका निबंधाने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर ठपका ठेवला. तो निबंध सदोष ठरून २०१० साली त्याच नियतकालिकाने रद्द केला. २०१९ साली डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही लशीचा काही संबंध आढळला नाही. आपल्याकडे गोवराचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. काही मुलांचे शब्द हरवतात तेही नेमके ह्याच सुमारास. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, की एकीवरून दुसरी झाली असे मन ठरवून टाकते.

मग करावे काय?

पहिले काम, एक वही घ्या. त्या तेहतीस पानांची गरज नाही. दोन पाने पुरेत. हाकेला ओ देतो का, बोट दाखवतो का, शब्द किती, काय गेले, कधी गेले, तारखेसह लिहा. मूल घरी खेळत असताना दोन-दोन मिनिटांची चित्रणे मोबाईलवर करून ठेवा. दवाखान्यात मूल भेदरून बसते. घरचे खरे रूप डॉक्टरांना त्यातूनच दिसते.

दुसरे, ते घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘आम्हाला ऑटिझमची शंका आहे’ असे स्पष्ट म्हणा. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी आईबापांना विचारायची वीस प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. दहा मिनिटांत ती भरून होते. त्यात शंका वाढली तर बालविकासतज्ज्ञांची पुढची तपासणी. अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या सुमारासही खात्रीचे निदान करू शकतात.

तिसरे, कानांची तपासणी करून घ्या, पुडा फुटल्यावर मूल धावत येत असले तरी. झोपेत होणारी ‘बेरा’ नावाची तपासणी अगदी लहान मुलांचीही करता येते. मुंबईत वांद्र्याला ह्या कामासाठी वाहिलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मोठा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. २०१३ साली आपल्याच पालघरहून तो सुरू झाला. त्याच्या तपासणीत ऑटिझम आहे आणि जिल्हा पातळीवर त्याची उपचारकेंद्रेही आहेत.

चौथे, निदानाच्या कागदासाठी अडून न बसता शिकवणे सुरू करा. वाचोपचार आणि व्यवसायोपचार जाणणाऱ्यांकडून पद्धत समजून घ्या. पण आठवड्यातले दोन तास त्यांचे आणि उरलेले सारे घरचे. मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर जमिनीवर बसा. त्याला जे आवडते, मग ते फिरते चाकच असो, त्यात भागीदार व्हा. एक-दोन शब्दांत बोला, आणि मग थांबा. उत्तराला त्याला जरा वेळ द्या. त्याने नजर दिली, हात पुढे केला, तर ते बोलणेच समजून लगेच प्रतिसाद द्या.

पाचवे, ‘सहा महिन्यांत बरे करतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. ऑटिझम हा औषधाने उतरणारा ताप नव्हे. मूळ-पेशींची महागडी इंजेक्शने, दाबाखालचा प्राणवायू, शरीरातले धातू काढण्याची औषधे यांनी तो जातो ह्याला पुरावा नाही; काहींत जिवाला धोका मात्र आहे.

कायद्याचाही आधार आता आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ह्या अवस्थेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत त्याला जागा दिली. निदानानंतर प्रमाणपत्र काढून घेण्यात संकोच करू नये; शाळा-परीक्षांच्या सवलती आणि विम्याच्या योजना त्यावर अवलंबून असतात.

शेवटी चार शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना. सुनेने किंवा लेकीने ‘मला ह्याचे काहीतरी निराळे वाटते’ असे म्हटले, तर तिला गप्प करू नका. ती मुलाची निंदा करीत नसते, की अपशकुनही बोलत नसते. दिवसरात्र त्याच्याबरोबर असणाऱ्या माणसाला जे दिसते, तेच ती सांगत असते. ‘होईल गं सगळे नीट’ असे म्हणण्याऐवजी ‘चल, मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे’ असे म्हणा. तिचा निम्मा भार तिथेच हलका होईल, आणि मुलाची वाट पाहण्यात जाणारी वर्षे त्याला शिकवण्यात जातील.